शके १ मध्ये जग काय करत होते?

लग्नपत्रिकेवर मिती छापली जाते, तिच्यात शके असते. पाडव्याला नवे पंचांग घरी येते, त्यावर शके असते. पूजेला बसलेला यजमान गुरुजींच्या पाठोपाठ संकल्प म्हणतो, त्यात ‘शालिवाहन शके’ हे शब्द येतात आणि मग संवत्सराचे नाव येते. भारताच्या राजपत्रावर जो भारतीय सौर दिनांक छापलेला असतो, तोही याच शकाचा. मराठी माणसाच्या व्यवहारात इतक्या ठिकाणी मुरलेली ही गणना ज्या वर्षापासून सुरू होते, त्या वर्षी जगात काय चालले होते, हे मात्र आपण मुलांना सांगत नाही. ते सांगितले पाहिजे, आणि ओघात आलेला उल्लेख म्हणून नव्हे, तर एकाच वर्षाला वाहिलेला एक पूर्ण धडा म्हणून सांगितले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे मला एका विद्यार्थिनीने दिले. मी इतिहास-भूगोल शिकवत असे. भूगोलाच्या तासाला ज्वालामुखीचा विषय निघाला, ओघाने इटलीतला व्हेसुव्हियस आला, राखेखाली गाडले गेलेले पॉम्पेई शहर आले आणि मी फळ्यावर इ. स. ७९ असे लिहिले. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारले, “बाई, तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं?” मला सातवाहन ठाऊक होते, त्यांच्या राजांची नावे ठाऊक होती, नाशिकची लेणी मी पाहिलेली होती, तरीही त्या एका वर्षावर बोट ठेवून मला उत्तर देता आले नाही. मी म्हणाले, “सातवाहनांचा काळ होता.” मुलगी खाली बसली, पण तिचे समाधान झालेले नव्हते हे मला दिसत होते. तिने वर्ष विचारले होते आणि मी तिला शतके दिली होती.

आधी हिशेब. शकाचा आरंभ इ. स. ७८ चा, हे अनेकांना पाठ असते. पण आपण ‘गत’ वर्षे, म्हणजे पूर्ण झालेली वर्षे मोजतो. म्हणूनच पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. त्या रीतीने शके १ हे इ. स. ७९ च्या वसंतात सुरू होते आणि ८० च्या वसंतात संपते. म्हणजे त्या मुलीने विचारलेले वर्ष आणि आपल्या पंचांगाचे पहिले वर्ष ही दोन्ही एकच.

त्या वर्षी रोमचा सम्राट व्हेस्पासियन जूनमध्ये मरण पावला आणि त्याचा मुलगा टायटस गादीवर आला. याच टायटसने नऊ वर्षांपूर्वी जेरुसलेम जिंकले होते आणि तिथले मंदिर जळाले होते. रोममध्ये कोलोसियमचे बांधकाम संपत आले होते. ते पुढच्या वर्षी लोकांसाठी खुले झाले. ब्रिटनमध्ये अग्रिकोला नावाचा सुभेदार सैन्य घेऊन उत्तरेकडे सरकत होता. मग व्हेसुव्हियसचा स्फोट झाला. उपसागराच्या पलीकडे मिसेनम इथे रोमन आरमाराचा तळ होता आणि त्याचा प्रमुख होता प्लिनी. ज्ञात जगातल्या वस्तू, प्राणी, वनस्पती, खनिजे यांची सदतीस भागांत नोंद करणारा ग्रंथ त्याने नुकताच टायटसला अर्पण केला होता. तो गलबते घेऊन लोकांना वाचवायला निघाला आणि स्टाबिए इथल्या किनाऱ्यावर गुदमरून मेला. त्याचा सतरा वर्षांचा भाचा मात्र घरीच राहिला, कारण त्याला अभ्यास करायचा होता. पुढे पंचवीसेक वर्षांनी त्याच भाच्याने इतिहासकार टॅसिटसला दोन पत्रे लिहिली आणि आकाशात पाइन वृक्षासारखा वर जाऊन फांद्या पसरणारा ढग, पडणाऱ्या दगडांपासून बचाव म्हणून डोक्यावर उशा बांधून निघालेली माणसे, दिवसा झालेला अंधार हे सगळे जसेच्या तसे नोंदवून ठेवले. दहावीतल्या मुलाहून थोडाच मोठा असलेला एक मुलगा परीक्षेच्या धास्तीशिवाय अभ्यास करत बसला म्हणून वाचला, ही गोष्ट आपल्या वर्गांत कोणी सांगितली तर ती विसरली जाणार नाही.

त्याच वर्षी चीनमध्ये हान सम्राट झांग याने राजधानी लुओयांगमधल्या ‘श्वेत व्याघ्र’ नावाच्या महालात विद्वानांची सभा भरवली. जुन्या पवित्र ग्रंथांचे अर्थ लावण्यावरून पंथापंथांत मतभेद माजले होते, ते चर्चेने मिटवावेत आणि अखेरचा निवाडा सम्राटाने द्यावा, असा तो उद्योग होता. त्या चर्चेचे संकलन ज्या बान गू या इतिहासकाराकडे परंपरेने दिले जाते, त्याचा भाऊ बान चाओ त्या वेळी हजारो कोस पश्चिमेला, तारीमच्या वाळवंटाकडेच्या राज्यांत लढत होता. काशगर, खोतान अशा ठिकाणचे सैन्य जमवून आदल्याच वर्षी त्याने एक शहर जिंकले होते. या वाळवंटाच्या दक्षिणेला पर्वत ओलांडला की कुषाणांचा मुलूख लागत असे. कुषाणांच्या पश्चिमेला पार्थियन साम्राज्यात दुसरा पाकोरस नुकताच गादीवर आला होता, आणि पार्थियाच्या पश्चिम सीमेवर पुन्हा रोम. लुओयांगपासून नेपल्सच्या उपसागरापर्यंत चार सत्तांची ही साखळी नकाशावर बोट फिरवून दाखवायला दोन मिनिटे लागतात. राजवंशांमागून राजवंश असे शिकलेल्या मुलाला ती दहा वर्षांतही दिसत नाही, कारण हान एका पुस्तकात असतात, रोमन दुसऱ्यात आणि कुषाण तिसऱ्यात.

आता आपल्याकडे. इथे मी थांबून सावकाश लिहिणार आहे, कारण धड्याची खरी किंमत इथे आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि ती एकमेकांपासून चाळीस वर्षांहून अधिक लांब आहेत. नाशिकच्या लेण्यांत आणि जुन्नरला क्षहरात घराण्यातला क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याच्या काळातले लेख आहेत. त्यांत ४१, ४२, ४५, ४६ अशी वर्षे कोरलेली आहेत, पण ती वर्षे कोणत्या गणनेतली हे कोरणाऱ्याने सांगितलेले नाही, कारण वाचणाऱ्याला ते माहीतच असणार होते. ही शकाची वर्षे मानली, तर नहपान इ. स. ११९ ते १२४ च्या सुमाराचा ठरतो, आणि मग शके १ मध्ये त्याची सत्ता इथे आलेलीच नव्हती. ही त्याच्या स्वतःच्या राज्यकालाची वर्षे मानली, तर तो पहिल्या शतकात मागे जातो, आणि मग शके १ च्या आगेमागेच सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पाडाव केलेला असू शकतो. दुसऱ्या मताला आधार देणारा साक्षीदार लांबचा आहे. पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास इजिप्तमधल्या कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांचे एक मार्गदर्शक लिहिले, त्यात भडोचच्या प्रदेशाचा राजा म्हणून नहपानाशी जुळणारे नाव येते.

सातवाहनांचे स्वतःचे लेखही असेच आहेत. गौतमीपुत्राची नाशिकची आज्ञा दिलेली आहे ती ‘वर्ष १८, पावसाळ्याचा दुसरा पक्ष, पहिला दिवस’ अशा तारखेने. किती सुंदर तारीख आहे ही! पाऊस कुठवर आला होता तेसुद्धा तिच्यावरून कळते. पण हे अठरावे वर्ष राजाच्या राज्याभिषेकापासूनचे, आणि राज्याभिषेक जगाच्या कोणत्या वर्षी झाला ते बाहेरच्या पुराव्यावरून शोधावे लागते. आपल्याला दिवस ठाऊक आहे, पक्ष ठाऊक आहे, ऋतू ठाऊक आहे. वर्ष ठाऊक नाही.

रोमचे सगळे पक्के आणि आपले सगळे कच्चे, असा अर्थ मुलांनी यातून काढू नये, म्हणून त्याच धड्यात दुसरी गोष्ट सांगायला हवी. व्हेसुव्हियसच्या स्फोटाची तारीख पिढ्यान्‌पिढ्या २४ ऑगस्ट अशी सांगितली गेली, कारण प्लिनीच्या भाच्याच्या पत्राच्या हस्तलिखितांत तशी तारीख वाचली जात होती. पण पॉम्पेईत शरद ऋतूतली फळे सापडत होती, शेकोटीची पात्रे सापडत होती, आणि २०१८ साली एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली एक ओळ सापडली, जिची तारीख १७ ऑक्टोबर अशी येते. तिच्यात वर्ष नाही, पण कोळशाचे अक्षर भिंतीवर वर्षभर टिकत नाही, या तर्काने आता अनेक अभ्यासक स्फोट ऑक्टोबरच्या अखेरीस झाला असे मानतात. शिवाय ‘७९’ हा आकडाही तेव्हाच्या कुणा रोमन माणसाच्या तोंडी नव्हता. ते लोक त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांच्या, म्हणजे वर्षापुरत्या नेमलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या, नावांनी वर्ष ओळखत. वर्षाला ठाम आकडा देणे हे सगळीकडे नंतरच्या माणसांचे काम आहे. आपला शकही याला अपवाद नाही: कच्छमधल्या अंधौ इथल्या लेखांत ५२ हे वर्ष आहे, क्षत्रप राजा रुद्रदामन याच्या जुनागढच्या लेखात ७२ आहे, पण ‘शक’ हे नाव त्या आकड्यांना लावलेले नाही. त्याचे एक स्पष्ट उदाहरण दिसते बदामीच्या लेण्यात, पाचशे वर्षांनी, जिथे चालुक्यांचा लेख ‘शकनृपतीच्या राज्याभिषेकापासून’ पाचशे वर्षे गेली असे म्हणतो. ‘शालिवाहन’ हा शब्द तर त्याच्याही पुष्कळ नंतर जोडला गेला.

इथे काही वाचकांना वाईट वाटेल, याची मला जाणीव आहे. पैठणच्या कुंभाराच्या घरी वाढलेला शालिवाहन, त्याने मातीचे सैनिक करून त्यांत प्राण फुंकणे, ही कथा माझ्या आजीने मला सांगितली आहे आणि मी ती माझ्या नातवंडांना सांगणार आहे. पण नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाला, म्हणजे गौतमीपुत्राला, ‘शक, यवन आणि पल्हव यांचा संहार करणारा’ म्हणते, आणि त्याच घराण्याच्या नावाला पुढे शकांची गणना चिकटते, हे कथेपेक्षा अधिक विलक्षण आहे. ‘शक’ हे परक्यांचे नाव मराठीने इतके पचवले की ते गणनेचे सामान्यनाम झाले. आपण राज्याभिषेक शक म्हणतो, शककर्ता म्हणतो आणि त्यात परके काही आहे असे आपल्या मनातही येत नाही. हे मुलांना सांगितल्याने आजीची गोष्ट खोटी ठरत नाही. लोकांनी एका वर्षाला आपलेसे कसे केले, हे सांगणारी ती गोष्ट होते.

पॉम्पेईकडे पुन्हा एकदा जायला हवे. १९३८ साली तिथल्या एका घरात वीतभरापेक्षा किंचित उंच अशी हस्तिदंताची स्त्रीमूर्ती सापडली. अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, पण पायांत तोडे, हातांत कोपरापर्यंत बांगड्या, कमरेला मेखला. दोन्ही बाजूंना दोन लहान सेविका. डोक्यात वरून पाडलेले भोक आहे, म्हणजे ती एखाद्या सामानाचा किंवा आरशाचा भाग असावी. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे, लक्ष्मी म्हणून प्रसिद्ध झाली असली तरी पुष्कळ अभ्यासक तिला यक्षी मानतात. आता ज्यांना शक्य असेल त्यांनी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जावे आणि तिथल्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती मूर्ती पाहावी. घडण ओळखीची वाटेल. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही त्याच जातीच्या मूर्तीचा भाग निघाला. पॉम्पेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे आणि ती लिपी मुख्यतः वायव्येकडची, त्यामुळे ती मूर्ती मराठवाड्यात कोरली गेली असे छातीठोकपणे म्हणता येत नाही; म्हणायची गरजही नाही. शके १ मध्ये ती तिथे होती, एवढे निश्चित. त्या मुलीला द्यायचे उत्तर मला या मूर्तीत सापडले: “आपल्याकडच्या कारागिरीची एक बाई त्या दिवशी पॉम्पेईतच होती.”

ती तिथे कशी पोचली, याचा मार्ग ठाऊक आहे. गलबते जुलैच्या सुमारास लाल समुद्रातून निघत, नैर्ऋत्येचा वारा पाठीशी घेत, पावसाळा ओसरताना आपल्या किनाऱ्याला लागत आणि डिसेंबर-जानेवारीत उलट वाऱ्याने परत जात. ज्या वाऱ्याने नाशिकच्या डोंगरावर पावसाळ्याचा दुसरा पक्ष आणला, तोच वारा ही गलबते आणत होता. त्या ग्रीक मार्गदर्शकात सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे. पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर असे त्यात लिहिले आहे, आणि धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्या भरून पैठणचे गोमेदासारखे रंगीत दगड आणि तेरचे कापड भडोचला येते अशी नोंद आहे. कल्याणविषयी तर एक राजकीय बातमीच आहे: पूर्वी तिथे रीतसर व्यापार चालत असे, पण सत्ता बदलल्यावर अडथळे आले आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. घाटावरचे सातवाहन आणि किनाऱ्यावरचे क्षत्रप यांच्यातली चढाओढ एका परक्या व्यापाऱ्याने बंदराच्या जकातीच्या बाजूने पाहिलेली आहे. ज्या गाडीवानाने तेरहून महिनाभर गाडी हाकली त्याचे नाव कुठेही नाही, आणि शके १ चा धडा त्याच्याविना पुरा होणार नाही.

या धड्याला विरोध करणारी जी मते आहेत, त्यांतले एक मी गंभीरपणे घेते. शिक्षक मित्र म्हणतात, दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून चाळीस गुणांचा पेपर, तास मोजके, त्यात हे कुठे बसवायचे? हे खरे आहे. पण इतिहास म्हणजे सनावळ्या, ही मुलांची तक्रार याच व्यवस्थेतून आलेली आहे. सन नुसता पाठ करायचा म्हटला की तो खुंटीसारखा एकटा उभा राहतो. त्याच सनाला तिरपी-आडवी जोडणी मिळाली की तो लक्षात ठेवावा लागत नाही, तो राहतो. एक धडा वाढवायचा नसेल तर कुठल्या तरी दोन राजांच्या स्वाऱ्यांची यादी कमी करावी. मी वर्गात हे करून पाहिले आहे: पाच मुलांना पाच देश द्यायचे, वर्ष एकच, आणि कागदाच्या पट्ट्या भिंतीवर एकाखाली एक लावायच्या. जिथे माहिती नाही तिथे पट्टी कोरी ठेवायची. कोऱ्या जागेकडे बघून मुले सर्वांत जास्त प्रश्न विचारतात.

दुसरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो. रोमशी तुलना मांडली की आपल्याकडे दोन टोके होतात. काहींना वाटते, खरे जग तिकडेच होते. इतरांना प्लिनीचे ते वाक्य हवे असते ज्यात तो म्हणतो की भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, काढून घेतो. दुसऱ्या ठिकाणी तो भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दहा कोटींचा आकडा देतो. सोन्याचा धूर निघत होता याचा पुरावा म्हणून हे वाक्य आज मोबाईलवर फिरते. पण तो माणूस आपल्या देशातल्या चैनीवर, विशेषतः स्त्रियांच्या चैनीवर चिडून लिहीत होता. ते जकात खात्याचे हिशेबपत्रक नव्हे. शिवाय त्या ग्रीक मार्गदर्शकातल्या, भडोचला येणाऱ्या मालाच्या यादीत इटलीची दारू, तांबे, कथील, पोवळे आणि नाणी यांच्याबरोबर राजासाठी गाणारी गुलाम मुले आणि जनान्यासाठी सुंदर मुलीही आहेत. मिळालेल्या सोन्याचा अभिमान बाळगायचा, तर त्या मुलींनाही त्याच वाक्यात जागा द्यावी लागेल. एका वर्षाचा आडवा धडा दोन्ही टोकांना लगाम घालतो, कारण त्यात कुणीच एकटे उभे नसते.

भारत सरकारने १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली, तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ हा दिवस १ चैत्र १८७९ ठरला आणि शक ही राष्ट्रीय गणना झाली. देशात तीसच्या आसपास वेगवेगळी पंचांगे चालत असताना हा निर्णय झाला, आणि निवडलेला शक खगोलशास्त्राच्या ग्रंथांत शतकानुशतके वापरात असलेला होता. आता निर्णयाला साठ वर्षे उलटून गेली आहेत. सरकारी कागदावर दोन दिनांक छापणे झाले, पण त्या दुसऱ्या दिनांकामागे कोणते जग उभे आहे हे नागरिकाला सांगण्याचे काम शाळेवर होते आणि ते झाले नाही. आपल्या जुन्या दफ्तरांतल्या कारकुनांची याबाबतीत तयारी जास्त होती. एकाच कागदावर शके, सुहूर सन (दफ्तरांत चालणारी अरबी वर्षगणना), चंद्र महिना आणि तिथी अशा गणना ते लीलया हाताळत, आणि पुढच्या संशोधकांनी त्यासाठी तारखांच्या जंत्र्या तयार केल्या. दोन गणना शेजारी ठेवून वाचण्याची ती सवय मराठीत होती.

मला त्या धड्यासाठी चित्र निवडायला सांगितले, तर मी कोलोसियम घेणार नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती सगळी नहपानाची होती. राजाचा चेहरा, भोवती बिघडलेल्या ग्रीक अक्षरांची ओळ, मागे ब्राह्मी आणि खरोष्ठीत नाव. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का मारून घेतला होता, तीन कमानींचा डोंगर एका बाजूला आणि उज्जैनचे चिन्ह दुसऱ्या बाजूला. नाणे भिंगाखाली धरले की डोंगराच्या कमानीमागून जुन्या राजाचे नाक दिसते आणि कडेला दोन-तीन ग्रीक अक्षरे उरलेली दिसतात. हे नाणे शके १ च्या आधीचे की नंतरचे, ते मुलांनी वर्गात भांडून ठरवावे.